माशाच्या तेलाची बाटली घेण्याआधी

(आपल्या सामुदायिक रेडिओवर दुपारच्या आरोग्याच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं. ज्यांना ऐकता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)

जेवणं उरकली असतील, भांडी घासून पालथी घातली असतील, तर घटकाभर टेका. आज आम्ही एका बाटलीबद्दल बोलणार आहोत. ही बाटली आता तालुक्याच्या मेडिकलात आहे, मोबाईलवरच्या जाहिरातीत आहे आणि आपल्या गटाच्या बैठकीतही येऊन पोचली आहे. कुणी तिला ‘ओमेगा’ म्हणतं, कुणी ‘फिश ऑइल’. आपल्या भाषेत माशाचं तेल.

आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे हा विषय का घेतला ते कळेल.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या मासिक बैठकीला एक पाहुणे आले. गटातल्या एका ताईंच्या लांबच्या ओळखीतले. बोलायला गोड, हातात चकचकीत पिशवी. बचत गोळा झाली, हप्ते झाले, तसे ते उठले आणि त्यांनी बाटली काढली. गुडघे दुखतात? ही घ्या. बीपी आहे? ही घ्या. साखर आहे? पोरगं अभ्यासात मागं पडतंय? हीच घ्या. ६० कॅप्सूलची बाटली १,४०० रुपयांना, पण आज आत्ता घेतली तर १,२०० ला. आम्ही बावीस जणी होतो. नऊ जणींनी घेतली. त्यातल्या चौघींनी गटातून कर्ज काढून घेतली. तसं रजिस्टरमध्ये लिहिलंय, आम्हीच लिहिलंय.

तीन आठवड्यांत दोन गोष्टी झाल्या.

पहिली आमच्या मावशींची. मावशी माळकरी. तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकवली नाही. त्यांचा नातू दहावीला आहे. तो एक दिवस बाटली फिरवून वाचायला लागला आणि म्हणाला, “आजी, ह्यात मासा आहे. वरचं कव्हरसुद्धा जनावराच्या जिलेटिनचं आहे.” मावशी नुसत्या बसून राहिल्या. दोन दिवस जेवल्या नाहीत. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘ओमेगा’ होतं, त्याखाली हिरवं पान काढलेलं होतं. विकणाऱ्यानं ‘मासा’ हा शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. आमच्यातल्या एका काकूंना पाच वर्षांपासून बीपीची गोळी आहे. पाहुण्यांनी सांगितलं, “हे सुरू केलं की त्या गोळीची गरज राहत नाही.” काकूंनी सरकारी दवाखान्यातली फुकटची गोळी बंद केली आणि १,२०० रुपयांची बाटली सुरू केली. एका सकाळी गोठ्यातच भोवळ येऊन खाली बसल्या. उपकेंद्रातल्या सिस्टरनी बीपी मोजलं, ते १९०/११० होतं. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. वेळेवर नेलं म्हणून निभावलं.

त्या बैठकीत आम्हीही होतो. रेडिओवर रोज बोलणाऱ्या आम्ही, आणि तिथं मात्र पाहुण्याला कसं विचारायचं म्हणून गप्प बसलो. तेव्हा नाही विचारलं ते आज विचारू या.

हे तेल आहे तरी काय?

तेल आणि तूप ज्या कणांचं बनतं त्यांना स्निग्धाम्लं म्हणतात. त्यातल्या एका कुटुंबाचं नाव ओमेगा-३. शरीराला ते लागतं, पण शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. या कुटुंबात आपल्या कामाची तीन भावंडं आहेत. एक वनस्पतीत असतं, त्याचं नाव एएलए. ते जवसात भरपूर, अक्रोडात आणि मोहरीच्या तेलात थोडं. उरलेली दोन मुख्यतः माशात असतात: ईपीए आणि डीएचए. मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या घडणीत डीएचए लागतं.

गंमत अशी की मासासुद्धा हे फारसं स्वतः बनवत नाही. पाण्यात बारीक शेवाळ असतं, ते डीएचए बनवतं. शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे, लहान माशांना मोठे. म्हणून आता थेट शेवाळापासून काढलेलं तेलही मिळतं. माळकरी आणि शाकाहारी मैत्रिणींनी हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माशाचं तेल तसं नवं नाही. मुडदूस झालेल्या पोरांना कॉड नावाच्या माशाच्या लिव्हरचं तेल पाजायचे, हे तुमच्यापैकी काहींनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं असेल. त्याचा गुण यायचा तो त्यातल्या ड जीवनसत्त्वामुळे. ओमेगा-३ ची चर्चा नंतरची. १९७० च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक ग्रीनलंडच्या बर्फाळ भागात गेले. तिथले लोक मासे, सील आणि देवमासा खाऊन जगत. त्यांच्यात हृदयविकार कमी आहे असं मानलं जाई. त्यांच्या रक्तात ही समुद्री स्निग्धाम्लं जास्त सापडली, आणि तिथून जगभर या तेलाचा बोलबाला सुरू झाला. आज बाटलीत येणारं बरंचसं तेल दक्षिण अमेरिकेत, पेरू देशाच्या किनाऱ्यावर पकडल्या जाणाऱ्या बोटभर लांबीच्या माशांचं असतं.

मग हृदयविकार टळतो का?

डॉक्टरांनाही हाच प्रश्न पडला, म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. दोन सांगतो. दोन्हींचे निकाल २०१८ साली आले. अमेरिकेतल्या चाचणीत २५,८७१ लोक होते. निम्म्यांना रोज माशाच्या तेलाची कॅप्सूल दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. पाच वर्षांनी पाहिलं तर हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. दुसरी चाचणी इंग्लंडमधली, मधुमेह असलेल्या १५,४८० लोकांवर. ती सात वर्षांहून जास्त चालली. निकाल तोच.

म्हणजे धडधाकट माणसानं किंवा साखर असलेल्यानं नुसतं ‘हृदयासाठी चांगलं’ म्हणून रोज कॅप्सूल घेतली, तर पैसे गेल्याचं नक्की दिसतं, फायद्याचं नक्की सांगता येत नाही.

मग कुणालाच उपयोग नाही का? आहे, पण थोड्या जणींना. रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार वाढली असेल, तर दिवसाला २ ते ४ ग्रॅम ईपीए-डीएचए दिल्यानं ती उतरते. पण हा डॉक्टरांचा उपचार झाला. रक्त तपासून, मात्रा ठरवून, पुन्हा तपासून करायचा. आमवातात, म्हणजे ज्या संधिवातात सांधे सुजतात, सकाळी आखडतात, त्यात मोठ्या मात्रेनं दुखणं थोडं हलकं होतं, पण मूळ औषध चालूच ठेवावं लागतं. वयानं झिजलेल्या गुडघ्यांसाठी मात्र भरवशाचा पुरावा नाही. आपल्यापैकी बहुतेकींचे गुडघे याच दुसऱ्या प्रकारचे.

गरोदर बाईच्या बाबतीत थोडी आशेची बाजू आहे. ७० चाचण्या एकत्र करून २०१८ साली पाहिलं, तेव्हा ओमेगा-३ मिळालेल्या बायकांत दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण शंभरात साधारण १३ वरून १२ वर आलेलं दिसलं. फरक लहान आहे, पण आहे. मासे अजिबात न खाणाऱ्या गरोदर बाईनं तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारावं. स्वतःच्या मनानं घेऊ नये, आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांच्या जागी तर मुळीच नाही. पोटात बाळ असताना लोहाची गोळी आधी, बाकी सगळं नंतर.

आणि साखर? माशाच्या तेलानं साखर उतरत नाही. बीपीवर होणारा परिणाम इतका थोडा की गोळी बंद करावी असं कुठलाही जाणता डॉक्टर सांगणार नाही. पोरांची हुशारी कॅप्सूलमधून येते असंही सिद्ध झालेलं नाही. पोराला पोटभर जेवण, रोज एक अंडं आणि पुरेशी झोप द्या.

आधी ताटाकडे बघा

बाटलीकडे जाण्याआधी स्वयंपाकघरात चला. मासे खाणाऱ्या घरात आठवड्यातून दोनदा मासे झाले, तर बहुतेकींना कॅप्सूलची गरजच नाही. मात्र कोणता मासा, हे महत्त्वाचं. तारली आणि बांगडा हे दोन समुद्री मासे स्वस्तही आणि तेलकटही. शंभर ग्रॅम तारलीत साधारण एक ग्रॅम, हंगामात त्याहून जास्त ओमेगा-३ मिळतं. एवढ्यासाठी साध्या कॅप्सूल तीन-चार लागतात. महागडी पापलेट किंवा सुरमईच खायला हवी असं नाही. आपल्याकडे उजनीचा चिलापी, रोहू, कटला भिगवणच्या बाजारातून येतो. त्यातलं प्रथिन उत्तम, जरूर खा, पण त्यात हे तेल कमी. आठवडे बाजारातला सुका बांगडाही चालतो. फक्त त्यात मीठ फार असतं, म्हणून बीपीवाल्यांनी धुऊन आणि बेतानं खावा. गरोदर बायकांनी मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, त्यांच्या अंगात पारा साठलेला असतो. लहान माशांत ती भीती कमी.

एक सांगायचं राहिलं. मासा आणून तो खोल तेलात कडकडीत तळला, तर आपण कमावलेलं घालवतो. कालवण करा, नाहीतर तव्यावर थोड्या तेलात भाजा.

आता न खाणाऱ्यांसाठी. आपली जवसाची चटणी ताटातून गेली कधी, ते कळलंच नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त एएलए असतं. मोठा चमचाभर भाजून कुटलेलं जवस रोज पोटात गेलं, तर एएलएची दिवसाची गरज भागते. अक्खं जवस मात्र चावलं जात नाही, तसंच बाहेर पडतं, म्हणून कुटायलाच हवं. कुटून फार दिवस ठेवू नका, खवट होतं. आठ-दहा दिवसांपुरतं करा. कारळ्याची चटणीही चांगली, पण कारळ्यात ओमेगा-६ असतं, ओमेगा-३ नाही. दोन्ही चटण्या काळसर दिसतात म्हणून गल्लत नको.

खरं तेही सांगायला हवं: जवसातल्या एएलएपासून शरीर ईपीए आणि डीएचए बनवतं, पण फार थोडं. जवस म्हणजे मासा नव्हे. तरी कर्ज काढून आणलेल्या बाटलीपेक्षा घरची चटणी बरी, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगतो.

बाटली घ्यायचीच असेल तर

डॉक्टरांनी सांगितलं असेल, किंवा सगळं कळूनही घ्यायची असेल, तर बाटलीची पुढची बाजू बघू नका. पुढची बाजू विकणाऱ्याची असते, मागची आपली. अक्षरं बारीक आणि इंग्रजी असतात. शाळेतल्या मुलीला शेजारी बसवा आणि या गोष्टी शोधायला सांगा.

पहिली गोष्ट, खूण. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. जुन्या मालावर त्रिकोणाऐवजी तपकिरी ठिपका असायचा. माशाचं तेल मांसाहारीच. शाकाहारी हवं असेल तर शेवाळाचं तेल घ्यावं आणि त्याचं कव्हरही वनस्पतीचं आहे ना, हे हिरव्या ठिपक्यावरून पाहून घ्यावं. नुसत्या हिरव्या पानाच्या चित्राला काही अर्थ नाही.

दुसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, ईपीए आणि डीएचएचे आकडे. पुढे ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, पण ते सगळ्या तेलाचं वजन. आपल्याला हवं ते त्यातलं काही भाग. साध्या १००० च्या कॅप्सूलमध्ये बहुतेकदा १८० ईपीए आणि १२० डीएचए, म्हणजे मिळून ३०० मिलिग्रॅम असतं. बाकी नुसतं तेल. ज्या बाटलीवर हे दोन आकडे वेगवेगळे छापलेलेच नाहीत, ती परत ठेवा.

तिसरी गोष्ट, हे आकडे किती कॅप्सूलचे आहेत? काही बाटल्यांवर दोन कॅप्सूलचा मिळून आकडा देतात. आपल्याला वाटतं एकीत एवढं आहे. ‘सर्व्हिंग’ या शब्दापुढे एक लिहिलंय की दोन, ते बघा.

चौथी गोष्ट, ३-६-९ चा मोह. तीनपेक्षा तीन-सहा-नऊ जास्त चांगलं वाटतं. पण ओमेगा-६ आणि ९ आपल्या शेंगदाण्याच्या, सोयाबीनच्या, सूर्यफुलाच्या तेलातून रोज भरपूर मिळतं. ते पैसे देऊन कॅप्सूलमधून कशाला घ्यायचं?

पाचवी गोष्ट, हे नुसतं माशाचं तेल आहे की कॉड लिव्हरचं? लिव्हरच्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. गरोदर बाईनं ते घेऊ नये, जास्त अ जीवनसत्त्वानं पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं.

सहावी गोष्ट, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ आकडी परवाना नंबर, बनवल्याची तारीख आणि संपायची तारीख. पूरक आहाराच्या बाटलीवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं छापावं लागतं. म्हणजे हे औषध म्हणून वापरायचं नाही, असं बाटली स्वतःच सांगते. विकणारा बीपीचं औषध म्हणून सांगत असेल, तर त्याला ती ओळ दाखवा.

सातवी गोष्ट, वास. घरी आणल्यावर एक कॅप्सूल फोडून बघा. हलका माशाचा वास चालेल. जुन्या रंगासारखा, कडवट, खवट वास आला तर ते तेल बिघडलं. लिंबाचा किंवा संत्र्याचा वास घातलेला असेल तर हे ओळखू येत नाही, तिथे चव घेऊन बघा. पत्र्याखाली, चुलीजवळ, खिडकीच्या उन्हात बाटली ठेवली की तेल बिघडतं आणि कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. माठाजवळची गार, अंधारी जागा चांगली.

आता हिशेब करू

गटाच्या बायकांना हिशेब शिकवायला नको. बाटलीची किंमत बघायची नाही, एक ग्रॅम ईपीए-डीएचए केवढ्याला पडतं ते बघायचं. एका कॅप्सूलमधले ईपीए आणि डीएचए मिळवा, त्याला कॅप्सूलच्या संख्येनं गुणा, हजारानं भागा. एवढे ग्रॅम झाले. मग किमतीला त्या ग्रॅमनी भागा.

आमच्या बैठकीतली बाटली घेऊ. एका कॅप्सूलमध्ये ९० ईपीए, ६० डीएचए, मिळून १५०. गुणिले ६० म्हणजे ९,००० मिलिग्रॅम, म्हणजे ९ ग्रॅम. किंमत १,२००. एक ग्रॅम पडला १३३ रुपयांना.

आता हिशेबासाठी दोन बाटल्या धरू. एक ६०० रुपयांची, ६० कॅप्सूल, प्रत्येकीत ३००. एकूण १८ ग्रॅम. एक ग्रॅम ३३ रुपये. दुसरी ७२० रुपयांची, ३० कॅप्सूल, प्रत्येकीत ६००. एकूण पुन्हा १८ ग्रॅम. एक ग्रॅम ४० रुपये. दिसायला ही बाटली अर्धी आणि दर कॅप्सूलला महाग, पण एक कॅप्सूल दोनचं काम करते.

आता आमची बाटली बघा. चौपट किमतीत आम्ही घेतली, तीही कर्जावर, आणि तीही नको त्या दुखण्यासाठी.

कुणी विचारल्याशिवाय घेऊ नये

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, मग ती अॅस्पिरिन असो, क्लोपिडोग्रेल असो की वॉरफेरिन, डॉक्टरांना आधी विचारावं. ऑपरेशन ठरलं असेल तर हे तेल घेतो असं सांगावं. माशांची अॅलर्जी असेल तर घेऊच नये. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांनीही विचारल्याशिवाय नाही, कारण मोठ्या मात्रेनं हा त्रास वाढलेला चाचण्यांत दिसला आहे. कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी, म्हणजे अंगी लागते आणि माशाचे ढेकर कमी येतात. मळमळ किंवा जुलाब झाले तर बंद करावी.

आणि हे मोठ्यानं वाचा: चालू असलेली बीपीची, साखरेची, हृदयाची गोळी कुठल्याही बाटलीसाठी बंद करायची नाही. बंद करायची की नाही हे फक्त डॉक्टर ठरवतील.

विकणारा दारात आला तर

दारोदार माल विकणाऱ्यांसाठी २०२१ सालचे नियम आहेत. ओळखपत्र नसेल आणि आधी विचारून वेळ घेतलेली नसेल, तर अशा विक्रेत्यानं घरी येऊ नये, असं त्यात म्हटलंय. ‘तुम्ही चार जणी जोडा, तुम्हाला कमिशन’ अशी माणसांची साखळी करून पैसे फिरवायला त्यात मनाई आहे. मधुमेह, बीपी, हृदयविकार बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यापासून बंदी आहे.

म्हणून पाहुणे असले तरी विचारायचं. दादा, ओळखपत्र दाखवा. दादा, पक्कं बिल द्या. दादा, यात मासा आहे का? दादा, परत घेणार का, ते लिहून द्या. खरा विक्रेता यावर रागावत नाही. रागावला तर उत्तर मिळालंच.

फसगत झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. खाण्याच्या मालाबद्दल एफएसएसएआयचा टोल फ्री नंबर १८००-११-२१००. बिल आणि रिकामी बाटलीसुद्धा जपून ठेवा, तोच पुरावा.

तुमचे प्रश्न

कार्यक्रमाच्या वेळी काही ताईंनी फोन केले होते. त्यातले तीन इथे देतो.

एका ताईंनी विचारलं, “मुलानं पुण्याहून बाटली पाठवली आहे, प्रेमानं पाठवलेली टाकून कशी द्यायची?” टाकू नका. वर सांगितलेल्या सात गोष्टी तपासा, तुमच्या गोळ्या आणि बाटली घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि दाखवा. चालत असेल तर घ्या. आणि मुलाला सांगा, पुढच्या वेळी ते पैसे आईच्या रक्ततपासणीला पाठव.

दुसऱ्या ताई म्हणाल्या, “मला घेऊन बरं वाटतंय, मग चूक काय?” बरं वाटत असेल तर आनंद आहे, ताई. फक्त एवढं बघा की तेवढ्या पैशात घरातलं दूध, अंडी, डाळ कमी होत नाही ना, आणि गोळी चुकत नाही ना.

तिसरा फोन एका सुनेचा होता. “सासूबाई माळकरी आहेत, त्यांना डोळ्यांसाठी काही द्यावं का?” आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर कुठल्याच तेलानं जात नाही, त्याला ऑपरेशनच लागतं, आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत होतं.

शेवटी आमच्या गटाचं पुढं काय झालं ते सांगतो. न उघडलेल्या तीन बाटल्यांचे पैसे बऱ्याच फोनाफोनीनंतर परत आले. उघडलेल्यांचे नाही. कर्ज काढलेल्या चौघींचं त्या महिन्याचं व्याज गटानं माफ केलं. काकू आता रोज सकाळी बीपीची गोळी घेतात आणि दर महिन्याला सिस्टरकडे मोजायला जातात. मावशी या वर्षीही वारीला गेल्या. निघण्याआधी एवढंच म्हणाल्या, “पांडुरंगाला माहीत आहे मी जाणूनबुजून नाही केलं. पण तुम्ही विचारायला हवं होतं.”

खरं आहे. आम्ही विचारायला हवं होतं. म्हणून आमच्या रजिस्टरमध्ये आता एक ठराव आहे: बैठकीत विकायला आलेल्या कुठल्याही वस्तूचा निर्णय त्याच बैठकीत घ्यायचा नाही, आणि त्यासाठी गटातून कर्ज द्यायचं नाही. वस्तू घरी न्यायची नाही, फक्त तिच्या मागच्या बाजूचा फोटो घ्यायचा. महिनाभरात कुणीतरी तो वाचतं, कुणीतरी सिस्टरला दाखवतं, आणि पुढच्या बैठकीत बोलायचं. ‘आजच्या आज’ म्हणणाऱ्याची घाई त्याची असते, आपली नाही.

तुमच्या गटानंही पुढच्या बैठकीला एक काम करा. घरात जी कुठली ताकदीची, शक्तीची, ओमेगाची बाटली असेल ती घेऊन या. एक शाळकरी मुलगी बोलवा. सगळ्या मिळून मागची बाजू वाचा आणि एक ग्रॅमचा हिशेब फळ्यावर मांडा. जमलं तर येताना डबाभर जवसाची चटणीही आणा.

भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या, आणि आपली रोजची गोळी विसरू नका.